एक एल कमी

मी त्या बाईंचं स्पेलिंग दुरुस्त केलं आणि पुढचे पाच आठवडे त्याची शिक्षा भोगली.

गोष्ट २०१६ ची, एप्रिल-मे महिन्यातली. मी तेव्हा ऑकलंडच्या पेनरोज भागात पाट्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. आजूबाजूला कारखाने, गोदामं, दिवसभर मागे-पुढे होणारे ट्रक. ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा करायला मी २०१२ साली मिरजेहून इथे आले. डिप्लोमा झाल्यावर शहरातल्या काचेच्या इमारतींमध्ये बसलेल्या जाहिरात कंपन्यांना अर्ज केले. त्यांची गोड नकारपत्रं आली, आणि नोकरी मिळाली ती या शेडमध्ये. प्लंबरच्या गाडीच्या दारावरचं नाव, कोपऱ्यावरच्या डेअरीच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, काचेवरचं 'मीट पाय आणि गरम कॉफी', 'इथे गाडी लावू नये', असलं सगळं आम्ही करायचो. मालक साठीचा गोरा माणूस. रोज सकाळी मला 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करत शटर वर करायचा, आणि आभाळ कोसळलं तरी 'स्वीट ॲज', म्हणजे सगळं मस्त, म्हणायचा.

काम समजायला सोपं आहे. रंगीत व्हिनाइलचा चिकट कागद मशीनवर घालायचा, मशीन त्यावर अक्षरं कापतं. मग अक्षरांच्या आजूबाजूचा नको तो भाग चिमट्याने उचलून काढायचा. त्याला तिथे वीडिंग म्हणतात. म्हणजे चक्क खुरपणी. मान मोडून खुरपायचं आणि जे उरतं ते काचेवर नेऊन चिकटवायचं.

ऑर्डर शहरातल्या एका गॅलरीची होती. ऑस्ट्रेलियाहून एक कलावंत बाई येणार होत्या, ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. वयाने साठीच्या जवळपास. त्या चित्रं काढत नाहीत, मजकूर लावतात. गोऱ्यांनी आपल्या लोकांबद्दल काय काय लिहून ठेवलंय, ते मोठ्या अक्षरांत भिंतींवर आणि काचांवर लावणं हेच त्यांचं काम. गॅलरीच्या रस्त्याकडच्या अख्ख्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, नऊ ओळी लावायच्या होत्या. काळी अक्षरं, टाइपरायटरच्या वळणाची.

मजकूर गॅलरीच्या मॅनेजरने ईमेलने पाठवला. ती तरुण गोरी मुलगी होती, प्रत्येक वाक्यानंतर उद्गारचिन्ह टाकणारी. ओळी इंग्रजीत होत्या, पण मराठीत सांगायच्या तर अशा: स्वच्छ राहते. आईला भेटायला जाण्याची परवानगी मागते, शिफारस नाही. प्रश्न फार विचारते. उत्तेजन देऊ नये. आणि सहावी ओळ: बुद्धी बऱ्यापैकी आहे, तिच्या वर्गाच्या मानाने.

त्या सहाव्या ओळीत 'इंटेलिजंट' या शब्दात दोन एल हवेत, तिथे एकच होता.

आदल्या वर्षी आम्ही एका शाळेच्या फाटकावर चुकीच्या स्पेलिंगचा बोर्ड लावून आलो होतो. शाळेच्या! पालकांनी फोटो काढून जगभर फिरवले. तेव्हापासून मालकाने नियम केला होता की गिऱ्हाईक काहीही पाठवो, स्पेलिंग आपण तपासायचं. मी नियमाने चालणारी बाई. मी तो एल टाकला. मॅनेजरला प्रूफ पाठवलं आणि त्याखाली स्वच्छ लिहिलं, 'सहाव्या ओळीत एक स्पेलिंग दुरुस्त केलं आहे, कृपया तपासावे.' पाच मिनिटांत उत्तर आलं, 'लुक्स अमेझिंग!!'

त्या दिवशी मला स्वतःचा अभिमानही वाटला. परदेशातून आलेली मुलगी इथल्यांचं इंग्रजी दुरुस्त करते म्हणजे काय! घरी नवऱ्यालाही सांगितलं. तो एका शीतगोदामात सुपरवायझर होता. म्हणाला, "पगार तेवढाच मिळणार ना?"

लावायच्या दिवशी मी सकाळी आठला शिडी घेऊन गॅलरीसमोर हजर. पाऊस येऊन-जाऊन होता. ओल्या काचेवर व्हिनाइल धरत नाही, त्यामुळे दर सरीनंतर काच पुसायची, साबणाचं पाणी मारायचं, ओळ बसवायची, रबरी पट्टीने पाणी काढायचं. पुन्हा सर आली की थांबायचं. दीड वाजेपर्यंत नऊच्या नऊ ओळी लागल्या. खांदे भरून आले होते. मी फुटपाथवर उभी राहून बघत होते, तेवढ्यात टॅक्सीतून बाई उतरल्या. ठेंगण्या, जाडसर, पांढऱ्या केसांचा बॉबकट, पायात थंडीतही जॅन्डल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला.

त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. सहाव्या ओळीवर थांबल्या. जवळ गेल्या, मागे आल्या, पुन्हा जवळ गेल्या.

"माझी चूक कुठे गेली?" त्या म्हणाल्या.

मला कळेना. मी म्हटलं, "काही चूक नाहीये. मी तपासलंय सगळं."

"तेच विचारतेय. चूक होती. कुठे गेली?"

मी मोठ्या उत्साहाने सांगितलं की मीच दुरुस्त केली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हातातली रबरी पट्टी मी पाठीमागे लपवली.

"मुली," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती चूक हेच तर माझं काम आहे. बाकीचं सगळं त्या चुकीच्या भोवती आहे."

एवढ्यात मॅनेजर बाहेर आली. तिने वाचलं, तिचा चेहरा गोरामोरा झाला आणि ती म्हणाली, "ओह नो! हे आम्हाला न विचारता बदललं गेलंय!"

मी तिथल्या तिथे फोन काढून तिची ईमेल दाखवली. ती म्हणाली, आपण आत्ता दोषारोपात नको शिरूया, उपायाकडे बघूया. या वाक्याचा मला आजही संताप आहे. ज्याची चूक असते त्यालाच नेहमी उपायाकडे बघायची घाई असते.

मालकाला फोन केला. तो अर्थातच म्हणाला, "स्वीट ॲज. नवीन कापू."

एक ओळ बदलून भागलं असतं. पण बाईंना आता एकूणच ती अक्षरं पटेनात. ती संगणकातली तयार टाइपरायटरची अक्षरं होती, सगळी सारखी, गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या थेट पेनरोजला आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक फोल्डर. माझ्या टेबलाशेजारचं स्टूल ओढून बसल्या आणि फोल्डर उघडलं. आत एका पिवळट कागदाची झेरॉक्स होती, टाइप केलेली.

"माझी आजी," त्या म्हणाल्या.

क्वीन्सलंडमध्ये त्या काळी सरकार ॲबोरिजिनल माणसांच्या फायली ठेवायचं. कुठे राहायचं, कोणाशी लग्न करायचं, आईला भेटायला जायचं की नाही, सगळं साहेब ठरवणार. साहेबाने आजीबद्दल काय मत दिलं, ते त्या कागदावर होतं. बाईंनी अर्ज केला तेव्हा, आजी गेल्यावर कितीतरी वर्षांनी, ती फाइल घरच्यांच्या हाती आली होती.

"माझी आजी चार भाषा बोलायची," बाई म्हणाल्या. "आणि हा माणूस तिची बुद्धी मोजतोय. त्याला तो शब्दसुद्धा लिहिता येत नाही. आणि तू त्याला मदत केलीस."

मी सॉरी म्हटलं. मनापासून म्हटलं. पण 'मदत केलीस' हे मला लागलं. मी काय केलं होतं? माझं काम केलं होतं.

मग सुरू झाले ते तीन दिवस. त्यांना कागदावरची अक्षरं जशीच्या तशी हवी होती. जुन्या टाइपरायटरच्या 'ई'च्या पोटात शाई साचलेली असायची, त्यामुळे प्रत्येक 'ई' वेगळा. कुठे पूर्ण बुजलेला, कुठे डोळा किलकिला केल्यासारखा. 'टी' ओळीच्या जरा वर उडालेला. नऊ ओळींत पन्नासच्या वर 'ई' होते. प्रत्येक मी स्क्रीनवर हाताने काढला. बाई माझ्या खांद्यामागून बघत पाय खायच्या, म्हणजे मटणाची गरम करंजी म्हणा ना, आणि तिचे तुकडे माझ्या कीबोर्डवर पडायचे.

"हा जरा डावीकडे."

"किती?"

"केसभर."

"इथे केसभर असं माप नाहीये. मिलिमीटर सांगा."

"अर्धा. नाही, त्याच्याही अर्धा."

फुटपाथवरून हा अर्ध्याच्या अर्धा मिलिमीटर कोणाला दिसणार होता? मी तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "मला." मालक येता-जाता हसायचा, "शी इज अ हार्ड केस, दॅट वन," म्हणजे भारी वल्ली आहे. त्याला त्या आवडल्या होत्या. त्याची मान थोडीच दुखत होती.

खरं सांगायचं तर अक्षरांचा हा हट्ट मला नवा नव्हता. माझे वडील मिरजेत पेंटर होते. भिंतीवर घोषणा, दुकानांचे बोर्ड, मांडवाच्या कमानीवर वधू-वरांची नावं. निवडणुकीत ते सगळ्या पक्षांच्या भिंती रंगवायचे. मजकूर त्यांचा, अक्षर आपलं, असं म्हणायचे. आम्ही दलित वस्तीतले. वडिलांना चौथीत मास्तर म्हणाले होते, "तुमच्यातला असून अक्षर मोत्यासारखं आहे रे तुझं." हे वडील आम्हाला आयुष्यभर कौतुक म्हणून सांगत आले. 'मोत्यासारखं' या शब्दावर त्यांचा आवाज चढायचा. पहिला अर्धा भाग त्यांना ऐकू आला नव्हता, की त्यांनी ऐकायचा नाही असं ठरवलं होतं, हे मी कधी विचारलं नाही.

हे मी बाईंना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी विचारलं, "तुझ्या लोकांना काय ऐकवतात इथे?"

"तुम्ही मूळच्या कुठल्या, असं विचारतात."

"ते सगळ्यांनाच विचारतात. दुसरं?"

"दुसरं काही नाही."

"तुम्ही इंडियन लोक," त्या म्हणाल्या, "डॉक्टर, इंजिनियर, सगळे वरच्या पायरीवर बसून येता. तुम्हाला एवढं नाही कळायचं."

मी डबा बंद केला. एका वाक्यात या बाईंनी मला माझ्या आयुष्यात कधी न मिळालेल्या पायरीवर नेऊन बसवलं होतं. सांगायला जावं तर पुन्हा माझी फाइल उघडून दाखवा. इथे नोकरीला आलेय की साक्ष द्यायला? मी चिमटा उचलला आणि 'ई'च्या पोटातली घाण खुरपत बसले.

त्या रविवारी आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींचं जेवण होतं. ज्यांच्या घरी होतं ते डॉक्टर. ऑकलंडच्या दक्षिणेला पुकेकोहे गावात एका क्लिनिकमध्ये काम करायचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्या वहिनी म्हणायचो. वहिनी प्रेमळ, हाताला चव, नव्याने आलेल्या मुलींना पहिला आठवडा घरी ठेवून घेणाऱ्या. माझ्यासारखीलाही त्यांनी भरभरून केलं होतं. पण गेली दोन वर्षं त्या मला एकच प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत घालून विचारत होत्या. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे त्यांना पत्ता लागत नव्हता. मिरजेला नेमकं कुठे? तिथे आमचे अमुक आहेत, ओळखता का? घरी लग्नात काय पद्धत असते तुमच्यात? त्या दिवशी पुऱ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अगं, तुमचं कुलदैवत कुठलं? विचारायचं राहूनच गेलं बघ."

मी म्हटलं, "गावचंच आहे." हे माझं ठेवणीतलं उत्तर.

कुणीतरी माझ्या कामाचं विचारलं. मी वैतागलेलीच होते, सगळी कथा सांगितली. स्पेलिंग, बाई, आजीची फाइल. डॉक्टर म्हणाले, "चूक दुरुस्त केलीस ते बरंच केलंस की. ह्या लोकांचं असंच असतं. सरकार सगळं फुकट देतं, तरी रडगाणं चालूच. आपल्याकडे नाही का, तीन पिढ्या सवलती खाऊन अजून आपले मागासच."

माझा नवरा ताटात बघायला लागला. तो दरवेळी ताटात बघतो. मीही इतकी वर्षं ताटातच बघत आले होते. पण त्या आठवड्यात मी पन्नास वेळा तो बुजलेला 'ई' कोरला होता. माझ्यात ताटात बघायची ताकद उरली नव्हती.

"मीही त्याच सवलतीतून शिकले, डॉक्टर," मी म्हटलं. "माझं सांगलीतलं कॉलेजचं ॲडमिशन राखीव जागेवरचं. वहिनी, तुम्ही दोन वर्षं विचारताय ना, ते हेच. आता कुलदैवत राहू दे."

हातातली पुरी कढईत गेली. मग वहिनी एकदम पुढे आल्या, पिठाच्या हातानेच माझा दंड धरला. "अगं, छे! आम्ही असलं काही मानतच नाही. आणि तू तर किती हुशार आहेस! कोणाला खरंसुद्धा वाटणार नाही."

त्यांना ते खरोखर कौतुक वाटत होतं, हे मला दिसत होतं. त्यामुळेच जास्त वैताग आला. भांडता येईना. मी म्हटलं, "पुरी जळतेय."

परतताना गाडीत नवरा म्हणाला, "गरज होती का?" मी म्हटलं, "नव्हती."

सोमवारी ऊन होतं. जुन्या ओळी खरवडून काढल्या, काच धुतली आणि नव्या लावायला घेतल्या. बाई खाली उभ्या राहून शिडी धरत होत्या. धरायची गरज नव्हती, पण त्यांना कडेला बसवेना. सहावी ओळ बसवताना मी वरूनच म्हटलं, "तुम्ही विचारलं होतंत ना, आम्हाला काय ऐकवतात ते. हे ऐकवतात." आणि त्या ओळीकडे रबरी पट्टी दाखवली. "फक्त गोरे नाही. आमचेच लोक. काल जेवायला वाढता वाढता."

मग शिडीवर उभी राहूनच सगळं सांगितलं. वडिलांचे मास्तर, वहिनी, डॉक्टर. शेवटी बाई म्हणाल्या, "तुमच्या भाषेत म्हण ते वाक्य."

मी म्हटलं. "तुमच्यातला असून अक्षर मोत्यासारखं."

"पुन्हा."

पुन्हा म्हटलं. नंतर त्यांचे डोळे चमकले, आणि पुढे काय येणार हे मी ओळखलं.

"हे काचेवर घेऊया. तुमच्या लिपीत. दहावी ओळ. तूच काप."

"नाही."

"का?"

"ते माझ्या वडिलांचं आहे. त्यांना ते अजून कौतुकच वाटतं. तुमच्या काचेवर नको."

"पण यामुळे किती—"

"तुमच्या आजीचं तुम्ही ठरवलंत," मी म्हटलं. "माझ्या वडिलांचं मी ठरवणार."

त्या चिडल्या. शिडी सोडून आत निघून गेल्या. तासभर आल्या नाहीत. मला वाटलं, झालं, आता हीही माझ्यावर रुसली. गॅलरी रुसली, वहिनी रुसल्या असतील, नवरा घुश्शात, आणि उरल्या होत्या या. शेवटची ओळ लावून मी सामान आवरत होते तेव्हा बाई दोन मीट पाय घेऊन बाहेर आल्या. एक माझ्या हातात दिला.

"फेअर इनफ," म्हणाल्या. "आणि पायरीबद्दल मी जे बोलले ते मूर्खासारखं बोलले."

पाय मटणाचा होता, आणि त्या दिवशी माझा संकष्टीचा उपास होता. काही न बोलता खाल्ला.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. प्रदर्शन उघडल्यापासून लोक आत येऊन सांगू लागले की तुमच्या काचेवर स्पेलिंग चुकलंय. कुत्रा फिरवणारे आजोबा सांगायचे, शाळेची शिक्षिका सांगायची, एका वकिलाने तर ईमेल पाठवली. नऊ ओळी वाचून त्यांना एवढंच सांगावंसं वाटत होतं! मॅनेजर त्रासली आणि तिने आमच्याकडून एक छोटी पाटी मागवली: 'चूक हेतुपुरस्सर आहे.' मी कापून दिली. बाईंनी ती बघितली, तिथल्या तिथे नखाने सोलून काढली आणि मला फोन करून ओरडल्या, "तू परत!" मी म्हटलं, मला ऑर्डर आली, मी कापली. त्या म्हणाल्या, विचारायचं नाही का? मी म्हटलं, मागच्या वेळी विचारलं होतं, लेखी.

पुढच्या आठवड्यात कोणीतरी मार्करने त्या शब्दावर छोटी खूण करून राहिलेला एल लिहून टाकला. अगदी मास्तर वहीत लिहितात तसा, लाल. मॅनेजरने मला पुसायला बोलावलं. मी स्पिरिट आणि फडकं घेऊन गेले. बाई आधीच तिथे उभ्या होत्या, पोट धरून हसत.

"राहू दे," म्हणाल्या. "त्याने काम पूर्ण केलं माझं."

"मग मी पेनरोजहून ट्रॅफिकमध्ये तासभर कशाला आले?"

"मला सोबत करायला," त्या म्हणाल्या.

मॅनेजरने त्याच दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, समारोपाच्या चर्चेत 'समाजाचा आवाज' म्हणून बोलशील का? कोणत्या समाजाचा, हे तिलाही नीट सांगता येईना. मी म्हटलं, माझी शिडी दुसऱ्या कामाला हवी आहे.

बाई महिनाअखेरीस परत गेल्या. जाताना वर्कशॉपमध्ये आल्या, मालकाला मिठी मारली, मला नाही मारली. मला म्हणाल्या, "तुला मिठ्या आवडत नाहीत, बरोबर?" बरोबर होतं. हात मिळवला, घट्ट, बराच वेळ.

वहिनींचा फोन मात्र मधल्या काळात आलाच नाही. आला तो प्रदर्शन संपलं त्या दिवशी. मी गॅलरीच्या काचेवरून ओळी उतरवत होते. गरम हवेच्या गनने व्हिनाइल तापवायचं आणि कोपरा धरून सोलायचं, असं चाललेलं. फोन कानात लावून मी काम चालू ठेवलं.

"अगं, आम्ही येऊन गेलो हं शनिवारी," वहिनी म्हणाल्या. "तुझं ते काचेचं बघायला. पार्किंगच मिळेना. छान आहे पण. अक्षरं किती मोठी!"

"हं."

"तुला एक सांगू का, ही आमची मुलगी ना, फार उद्धट झालीय." त्यांची मुलगी पंधरा वर्षांची, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "ती सहावी ओळ वाचली आणि मला रस्त्यात उभी करून विचारते, तुम्ही हिच्याबद्दल हेच म्हणता ना? म्हणजे तुझ्याबद्दल, गं. त्या रविवारचं सगळं ऐकत होती वाटतं. मी म्हटलं, अगं, आपण तसे नाही. तर ऐकतच नाही. आठवडाभर धड बोलत नाहीये. तू जरा समजावशील का तिला? तुझं ऐकेल. तू सांग की आम्ही तसे नाही म्हणून."

मी गन बंद केली. पाच आठवड्यांत खूप काही ऐकलं होतं. पण ज्याने दुखवलं त्याच्यासाठीच मी दाखला लिहून द्यावा, ही मागणी नवी होती. आणि त्यांच्या आवाजात रडू होतं, खरंखुरं. याच बाईने मला पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोट दिला होता.

"तिला द्या फोन," मी म्हटलं.

पाठीमागे काहीतरी कुजबुज झाली, दार वाजलं. मग मुलगी आली.

"हाय," ती म्हणाली. "मम्मी फार विचित्र वागतेय."

"माहितीये."

"ते तुझ्याबद्दलच होतं ना? म्हणजे, त्या आजीबद्दल होतं, पण तुझ्याबद्दलपण?"

"थोडंसं."

"दॅट सक्स," ती म्हणाली. थोड्या वेळाने, हळू आवाजात, "मला राग आलाय तिचा, पण ती रडते मग मलाच वाईट वाटतं. आय डोन्ट नो व्हॉट टू डू."

"मलाही नाही माहीत," मी म्हटलं. "दोन वर्षं मीही तेच करतेय."

ती हसली, एकदाच, नाकातून. तेवढ्यात वहिनींनी फोन परत घेतला.

"काय बोललीस गं? सांगितलंस ना?"

"तिलाच विचारा, वहिनी," मी म्हटलं. "आणि ती जे सांगेल ते पूर्ण ऐका."

त्या काहीतरी बोलत होत्या, पण आतून मॅनेजर काचेवर टकटक करत होती, आणि पावसाचे थेंब शिडीवर पडायला लागले होते. मी नंतर करते म्हटलं आणि फोन ठेवला. अजून चार ओळी उतरवायच्या बाकी होत्या.